पायाचं भेटकलम

मला भाषा येण्याआधी तिचे आवाज येतात. हे वरदान की खोड, ते आमच्या कोकणातल्या शाळेच्या मास्तरांना विचारा. हेडमास्तरांचा खोकला मी इतका हुबेहूब काढायचो की शेजारच्या वर्गातले मास्तर खिडकीतून तंबाखू थुंकून ताठ उभे राहायचे. मॅट्रिकनंतर रेल्वेत कारकुनी लागली आणि नेमणूक झाली ती एकदम मद्रासला. आई म्हणाली, "तिथं तुझं बोलणं कुणाला कळणार रे?" मी म्हटलं, "कळायला कशाला पाहिजे? हसले म्हणजे झालं."

आणि हसले की! वर्षभरात बसचा कंडक्टर, दूधवाली आणि आमच्या सेक्शनचे हेडक्लार्क असे तिघेही मी तमिळमध्ये करून दाखवू लागलो. आपण काय बोललो ते मागाहून कुणीतरी समजावून सांगायचं.

राहायला मैलापुरात माडीवरची एक खोली मिळाली होती. घरमालक तंजावरकडचे मराठी, कलेक्टर कचेरीतून पेन्शनीत निघालेले. त्यांचे पूर्वज तंजावरच्या राजांबरोबर इकडे आले ते आलेच, परत कुणी गेलं नाही. घरमालकांनी स्वतः महाराष्ट्र फक्त नकाशात पाहिलेला. मी त्यांना मामा म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला मामी. मामांची मराठी म्हणजे जुन्या बखरीचं पान आणि वर तमिळची फोडणी. आपण 'काय करतोयस' म्हणतो, ते म्हणायचे 'काय करूंलालास'. पहिल्या दिवशी मी फिस्सकन हसलो. पुढच्या आठवड्यात मी जिन्यातूनच त्यांच्या आवाजात मामींकडे कॉफी मागितली, आणि मामींनी दिलीसुद्धा. मामा देवळातून आले तर त्यांची कॉफी मी पीत बसलेलो.

"ह्या पोराच्या तोंडांत मी राहातों," मामा मामींना म्हणाले. "उद्यां माझी पेन्शनपण हाच घेऊन येईल, बघ."

तर आता पायाकडे वळतो.

दुसऱ्या उन्हाळ्यात मी सायकलवरून कचेरीला निघालो होतो. एका लाकडाच्या वखारीतून लॉरी मागे मागे आली आणि मला सायकलसकट भिंतीला टेकवून उभी राहिली. उजव्या नडगीचं हाड मोडलं आणि गुडघ्याखालची कातडी मोजा उतरावा तशी उतरली. जास्त वर्णन करत नाही, तुमची जेवायची वेळ असायची.

मोठ्या इस्पितळात माझं हाड सरळ केलं, जखम धुतली, प्लॅस्टर घातलं. पण नडगीवर मधोमध हाड उघडंच राहिलं, ओल्या खडूसारखं पांढरंफेक. हाडांचे डॉक्टर उंच आणि गंभीर होते. ते म्हणाले की उघडं हाड वाळतं आणि मग कुजतं, त्याच्यावर नुसती पातळ कातडी चिकटवली तर ती धरत नाही. तेव्हा पाय गुडघ्याखाली काढलेला बरा. "हल्ली लाकडी पाय फार छान मिळतात," असंही म्हणाले, दुकानदार शर्टाचं कापड दाखवतो त्या सुरात. मग म्हणाले, "पण त्याआधी आमच्या प्लॅस्टिक सर्जनना एकदा दाखवू."

मामा शेजारीच उभे होते. त्या वर्षी मामींनी बाजारातून प्लॅस्टिकची साबणाची डबी आणली होती, गुलाबी रंगाची. तेवढाच काय तो मामांचा आणि प्लॅस्टिकचा संबंध. त्यांनी हळूच माझ्या कानात विचारलं, "तसल्याचा पाय करतील काय रे? उन्हांत वांकडा होईल तो."

प्लॅस्टिक सर्जन आले. ह्यांना मी मोठे डॉक्टर म्हणेन. तसे ते उंचीने माझ्या खांद्याला लागले असते. गोल पोट, चष्मा कपाळावर, आवाज बारीक आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'सरिया?', म्हणजे 'ठीक ना?'. माझं आणि त्यांचं बोलणं मोडक्या तमिळमध्ये आणि त्याहून मोडक्या इंग्रजीत व्हायचं. इथे मी सगळं मराठीत करून सांगतोय. त्यांनी जखम बघितली, मग माझा धडधाकट डावा पाय उचलला आणि पोटरी चिमटीत धरून बघितली, बाजारात वांगं दाबून बघतात तशी.

"इथली कातडी घेणार," ते म्हणाले. "खालच्या चरबीसकट, तिच्या रक्तासकट. तीन बाजूंनी सोडवायची, चौथी बाजू डाव्या पायालाच ठेवायची. मोकळं टोक उजव्या पायाच्या जखमेवर शिवायचं. दोन्ही पाय एकावर एक ठेवून प्लॅस्टरमध्ये बांधून टाकायचे, तीनेक आठवडे. तोवर त्या कातडीला डावा पाय रक्त पुरवणार. हळूहळू उजव्या पायातून तिला स्वतःची मुळं फुटली की मग मधला पूल कापायचा. सरिया?"

मी ओरडलोच, "भेटकलम!"

"काय?"

आता हे कोकणातल्या पोराला न कळून कसं चालेल? आंब्याचं भेटकलम असंच करतात. रायवळचं रोप कुंडीत लावायचं, कुंडी हापूसच्या झाडापाशी न्यायची. झाडाची फांदी तोडायची नाही. फांदी आणि रोप दोघांची साल थोडी तासायची आणि जखमेला जखम लावून बांधून टाकायची. फांदी आईचं दूध पीत पीत रोपाला चिकटते. नीट चिकटली की मग आईपासून तोडायची. मी हे सगळं हातवारे करून सांगितलं. मोठे डॉक्टर खूश झाले.

"आणि घाईने तोडली तर?" त्यांनी विचारलं.

"वाळते."

"मग तुला मी काही शिकवायला नको. तुझं कलम धरलं तर पाय राहिला. नाही धरलं तर ते उंच डॉक्टर म्हणतात ते खरं. सरिया?"

मी म्हटलं "सरि," पण उजव्या पायाकडे न बघता.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आलो तेव्हा माझे दोन पाय गुणाकाराच्या चिन्हासारखे एकावर एक, आणि भोवती प्लॅस्टरचा एवढा मोठा गठ्ठा. मध्ये एक खिडकी कापलेली, तिच्यातून ते कलम दिसायचं, गुलाबी, फुगीर, टाक्यांची झालर लावलेलं. डावा पाय वर असल्यामुळे माझा तळवा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या थेट तोंडासमोर. आमचे हेडक्लार्क मोसंबी घेऊन भेटायला आले आणि त्यांचे डोळे त्या तळव्यावरच खिळले. साहेबासमोर पायावर पाय टाकून पसरायची माझी फार दिवसांची इच्छा अशी सरकारी खर्चाने पुरी झाली.

हलायला मात्र सक्त बंदी. पाय हलला की टाके ओढले जाणार, टाके ओढले की कलमाचं रक्त अडणार. वॉर्डातली सिस्टर केरळची, कडक इस्त्रीची. सकाळ-संध्याकाळ बोट उगारून म्हणायची, "असैयादे!" हलू नकोस. खाज सुटली की असैयादे. शिंक आली की असैयादे. बाकीच्या नैसर्गिक गोष्टी आडवं पडून आणि न हलता कशा उरकायच्या, ते शिकायला मला जो काळ लागला त्यात मी टायपिंग शिकलो असतो.

पण तोंडाला कुणी प्लॅस्टर घातलं नव्हतं. माझ्या शेजारच्या खाटेवर मद्रासजवळच्या कोवलमचे एक मच्छीमार होते, काळे, भरदार, पांढऱ्या मिशांचे. किनाऱ्यावर ओढताना लाकडी होडी मांडीवर घसरली होती. त्यांचा पाय दोरीने वर टांगलेला आणि दोरीच्या टोकाला वाळूची पिशवी. मी त्यांना अण्णा म्हणायचो आणि ते मला तंबी, म्हणजे धाकटा भाऊ. मी मान न हलवता, नुसते ओठ हलवून मोठ्या डॉक्टरांचा आवाज काढायचो, "मासे खायचे नाहीत, सरिया?" अण्णा खदखदून हसायचे, मग त्यांची पिशवी झोपाळ्यासारखी हलायची आणि सिस्टर धावत यायची. एकदा तर ती दारातून येतानाच मी तिच्या आवाजात ओरडलो, "अण्णा, असैयादे!" ती दारातच थबकली. मग तोंड फिरवून औषधाच्या कपाटाकडे गेली. खांदे हलत होते तिचे.

मामा रोज संध्याकाळी मामींचा डबा घेऊन यायचे. येताना पंचा, छत्री आणि काखेत पंचांग. पहिल्याच दिवशी त्यांनी खाटेभोवती एक चक्कर मारली, खिडकीतून सूर्य कुठे आहे ते पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पडला.

"कसा निजूंलालास रे तूं?"

"कसा म्हणजे? उताणा."

"डोकें उत्तरेस, पाय दक्षिणेस! मेलेल्याला निजवतात तसें! दक्षिणेला कोण राहतो, ठाऊक आहे ना?"

"लंका, मामा."

"यम राहतो, मूर्खा!"

माझी खाट वॉर्डाच्या अगदी टोकाला, दोन समोरासमोरच्या खिडक्यांच्या मध्ये होती. तिथे मोठ्या डॉक्टरांनीच ती मुद्दाम लावून घेतली होती. दक्षिणेची खिडकी बागेवर उघडायची, तिच्यातून स्वच्छ उजेड पडायचा, आणि माझे पाय त्या उजेडात असायचे. मामांनी सिस्टरला विनवलं. सिस्टर म्हणाली, "डॉक्टरांची ऑर्डर." मामांनी मला विनवलं. मी म्हटलं, "मामा, मी असा गाठोडं होऊन पडलोय, यम आला तरी त्याला मला उचलता येईल का? हमाल आणावे लागतील." मामा हसले नाहीत. त्यांनी माझ्या आईला वचन देणारं पोस्टकार्ड धाडलं होतं, पोराला आमच्या घरचं समजून सांभाळतों म्हणून. माणूस वचनाने बांधला की त्याला विनोद कळत नाहीत.

तीन आठवडे होत आले. मोठे डॉक्टर म्हणाले, सोमवारी पहिली परीक्षा. पूल कापण्याआधी तो रबर लावलेल्या चिमट्याने थोडा वेळ दाबून धरायचा. म्हणजे डाव्या पायाकडून येणारं रक्त बंद. तेवढ्या वेळात कलम गुलाबीच राहिलं, तर त्याला उजव्या पायात मुळं फुटली. निळंकाळं पडलं, तर नाही. रोज वेळ थोडा थोडा वाढवत न्यायचा, आणि मगच सुरी लावायची.

रविवारी दुपारी मामा आले ते एकटे नाहीत. अण्णांना भेटायला कोवलमहून त्यांचे दोन मुलगे आले होते, होड्या ओढून दंड असे झालेले. मामांनी व्हरांड्यात त्यांना गाठलं होतं. सिस्टरची सुट्टी होती आणि बदली नर्स दुसऱ्या टोकाला कुणाला तरी सुई टोचत होती.

"हळू, हळू, पाय हलूं नये," मामा तमिळमध्ये म्हणाले, आणि त्या दोघांनी माझी लोखंडी खाट माझ्यासकट अशी अलगद उचलली की मला वाटलं आपण भरतीवर तरंगतोय. अर्धी गिरकी दिली आणि खाली ठेवली. आता डोकं दक्षिणेला, पाय उत्तरेला. दक्षिणेचं ऊन तोंडावर यायला लागलं, म्हणून मामांनी त्या खिडकीच्या झडपा ओढून घेतल्या.

"आतां कसें, बरें वाटूंलालें काय?"

खरं सांगू? वाटत होतं. डोळ्यांवरचं ऊन गेलं, गार काळोखी आली, जेवणात दही-भात आणि वर तळलेली मिरची. अण्णांनी सुद्धा मान डोलावली. दक्षिण दिशा त्यांनाही मान्य नव्हतीच. कुणाच्या मनात काही आलं नाही.

सोमवारी सकाळी मोठे डॉक्टर ऑपरेशनात अडकले होते. त्यांच्या जागी एक धाकटे डॉक्टर आले, ह्या वॉर्डात पहिल्यांदाच. नवा कोरा कोट, खिशात तीन पेनं. त्यांनी प्लॅस्टरच्या खिडकीत वाकून पाहिलं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. चिमटा लावला. आठी वाढली. चिमटा काढला आणि वाट पाहिली. मग अजून वाट पाहिली. मग बदली नर्सला इंग्रजीत हळूच म्हणाले, "चिमटा काढला तरी रंग परत येत नाही. कलम मरतंय." आणि पुढे एक शब्द म्हणाले, ॲम्प्युटेशन.

त्यांना वाटलं पोरगा कारकून, एवढं इंग्रजी कुठलं कळायला. पण तो शब्द मी त्या उंच डॉक्टरांच्या आवाजात कितीदा करून दाखवला होता. त्याच्यावर अण्णांना हसवलं होतं. आता तोच शब्द असा कुजबुजत आला.

"ह्याला काही खायला देऊ नका," धाकटे डॉक्टर नर्सला म्हणाले. "मोठ्या डॉक्टरांना निरोप पाठवा. थिएटर तयार ठेवा."

उपाशी ठेवायचं म्हणजे भूल द्यायची. भूल द्यायची म्हणजे कापायचं. एवढं गणित मला येत होतं. मी मान जरा उचलून पाहिलं. खरंच निळसर दिसत होतं. काल गुलाबी असलेलं माझं कलम जांभळाच्या सालीसारखं झालेलं.

अण्णांनी पलीकडून हाक मारली, "तंबी, एकदा डॉक्टर कर ना." मी तोंड उघडलं. काहीच येईना. ना डॉक्टर, ना सिस्टर, ना हेडक्लार्क. माझा स्वतःचा आवाज सुद्धा कुठे गेला होता कोण जाणे. अण्णांनी माझ्याकडे बघितलं आणि टांगलेल्या पायासकट जेवढं सरकता येईल तेवढं माझ्या बाजूला सरकले. एवढंच. मग आम्ही दोघे छत बघत पडलो.

मामा त्या दिवशी सकाळीच आले. परीक्षा होती ना. हातात डबा, मामींनी साखरेचा शिरा करून दिलेला. नर्सने डबा अडवला आणि का ते सांगितलं. मामा खाटेपाशी आले, माझ्या कपाळावर हात ठेवला.

"कालच तर दिशा सरळ केली रे," ते म्हणाले. "मग हें काय झालें?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुझ्या आईला मी काय लिहूं?"

मला म्हणायचं होतं, लिहा की पोराचा एक बूट विकायला काढलाय. नाही म्हणता आलं.

तेवढ्यात मोठे डॉक्टर आले, हातमोजे अजून कोपरापर्यंत वर चढवलेले, मागे धाकटे डॉक्टर धावत. मोठ्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, वाकले, बोटाने कलम दाबलं, सोडलं. पुन्हा दाबलं. मग हातमोजा काढला आणि स्वतःचा तळहात उलटा करून कलमाशेजारी धरला.

बराच वेळ बघत राहिले. मग धाकट्यांकडे वळून म्हणाले, "जीभ दाखव."

"सर?"

"जीभ. आ कर."

धाकट्या डॉक्टरांनी भर वॉर्डात जीभ बाहेर काढली. मोठे डॉक्टर तिच्याकडे नीट निरखून बघून म्हणाले, "ही पण निळी आहे. नर्स, ह्यांनासुद्धा थिएटरमध्ये घ्या. गळ्यापासून कापावं लागेल."

कुणाला काही कळेना. मोठ्या डॉक्टरांनी बोट वर केलं. उत्तरेच्या खिडकीकडे. तिच्या काचा गडद निळ्या होत्या. महायुद्धात विमानांच्या भीतीने इस्पितळाच्या काचा निळ्या रंगवल्या होत्या. लढाई संपून कित्येक वर्षं झाली. बाकीच्या काचा धुतल्या, बदलल्या, पण व्हरांड्याकडची ही एक खिडकी तशीच राहून गेली होती. आणि समोरची स्वच्छ खिडकी झडपा लावून बंद! माझे पाय, प्लॅस्टर, नर्सची टोपी, धाकट्या डॉक्टरांची जीभ, सगळं त्या निळ्या उजेडात न्हालेलं.

"ही खाट कुणी फिरवली?"

अण्णा छतावरची पाल मोजायला लागले. मामा एक पाऊल पुढे आले, छत्री दोन्ही हातांनी छातीशी धरून.

"मी," ते तमिळमध्ये म्हणाले. "पाय दक्षिणेला होते, डॉक्टर. यमाची दिशा. दुसऱ्याचं पोर माझ्या घरात आहे."

मला वाटलं आता मोठे डॉक्टर फुटणार. धाकटे डॉक्टरही त्याच आशेने बघत होते.

"उत्तरेला डोकं करून झोपू नये, असं तुमचं म्हणणं?" मोठे डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही झोपता का? तुमच्या घरी?" मामांनी सरळ विचारलं.

मोठ्या डॉक्टरांचा चष्मा परत कपाळावर गेला. "नाही," ते म्हणाले. "बायको झोपू देत नाही."

पहिली हसली ती बदली नर्स. मग अण्णा, मग सगळा वॉर्ड, आणि अण्णांची वाळूची पिशवी डोलायला लागली. मोठे डॉक्टर हसत हसत मामांना म्हणाले, "पण मला दक्षिणेचा उजेड पाहिजे. तो उत्तरेला मिळत नाही. तेव्हा असं करू. खाट पूर्वीसारखी. तुम्ही रोज येऊन त्या दक्षिणेच्या खिडकीत स्टूल टाकून बसा. यम आला तर त्याला तिथेच बोलण्यात गुंतवा. तुम्ही बोलत राहिलात तर आपण कशाला आलो होतो तेही तो विसरेल. फक्त माझ्या उजेडात येऊ नका. सरिया?"

मामांनी विचार केला. "सरि," ते म्हणाले, आणि लगेच स्टूल ओढलं.

खाट फिरवली. झडपा उघडल्या. बागेतला उजेड भसकन आत आला. खरी परीक्षा आता होती, कारण निळ्या काचेने आम्हाला घाबरवलं खरं, पण कलम धरलंय असं अजून कुणीच म्हणालं नव्हतं. मोठ्या डॉक्टरांनी चिमटा स्वतः लावला आणि घड्याळ हातात घेतलं. मामा खिडकीत बसून पुटपुटत होते. स्तोत्र होतं की यमाशी वाटाघाटी, माहीत नाही. धाकटे डॉक्टर माझ्या पायांवर असे वाकले होते की त्यांचं एक पेन खिशातून निसटून प्लॅस्टरवर टपकन पडलं आणि आम्ही सगळे दचकलो.

"बघ तू," मोठे डॉक्टर धाकट्यांना म्हणाले. "रंग सांग."

"पिंक, सर."

"आता?"

"पिंक."

"आता?"

धाकट्या डॉक्टरांनी आधी आपला तळहात शेजारी धरून बघितला. "पिंक, सर," ते म्हणाले, आणि असे हसले की जणू पाय त्यांचाच होता.

त्या दुपारी मला शिरा मिळाला, आणि पहिल्या घासाबरोबर आवाज परत आला. चार घासांत मी धाकटे डॉक्टर बसवले, जिभेसकट. ते दारात उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "माझा आवाज इतका घाबरट आहे?" मी म्हटलं, "आज होता."

चिमट्याचा वेळ वाढत वाढत गेला. मामा नियमाने येऊन दक्षिणेच्या स्टुलावर बसायचे आणि खिडकीकडे तोंड करून तंजावरच्या जुन्या गोष्टी सांगायचे. यमाने ऐकल्या की नाही कोण जाणे, अण्णांनी ऐकल्या, एक शब्द न कळता. मग एके दिवशी पूल कापला. तुम्हाला वाटेल पाय सुटल्याबरोबर मी उड्या मारल्या असतील. छे. इतके दिवस अडकून पडलेले गुडघे सरळ व्हायला तयार होईनात. कुरकुरत, रडत, एकेक बोट पुढे. मोडलेल्या हाडाला तर अजून कितीतरी दिवस प्लॅस्टर लागलं. अण्णा माझ्याआधी बरे होऊन कोवलमला गेले. जाताना मला म्हणाले, "तंबी, चालायला लागलास की ये. होडीत बसवतो." आणि मग डोळे मिचकावून, "पाय कुठल्याही दिशेला कर."

शेवटी हाड जुळल्याचं एक्स-रेच्या फोटोत दिसलं. प्लॅस्टर कापलं आणि माझा पाय मी पहिल्यांदा पूर्ण पाहिला. काटकुळा, केसाळ, आणि नडगीवर ते डाव्या पोटरीचं ठिगळ, जाडजूड, दिमाखात बसलेलं, सासरी येऊन दोन दिवसांत मालकीण झालेल्या सुनेसारखं. हात लावला तर काहीच कळेना. त्या भागाला अजून स्पर्श आलेला नव्हता. मी जरा हिरमुसलो. इतकं सगळं करून पाय माझा वाटतच नव्हता, कुणाचा तरी उसना आणून लावल्यासारखा.

"उभा राहा," मोठे डॉक्टर म्हणाले.

एका बाजूला सिस्टर, दुसऱ्या बाजूला मामा. मी खाटेच्या कडेवर बसलो आणि आधी डावा पाय खाली टेकवला. मग उजवा सोडला. तो जमिनीकडे निघाला, आणि मध्येच मी त्याला थांबवलं. खूप भीती वाटली. इतके दिवस तो आहे, एवढ्यावरच आनंद होता. त्याच्यावर भार टाकायचा म्हणजे तो खरंच आहे की नाही हे विचारायचं. मामांनी माझा दंड आणखी घट्ट धरला. मी पाय टेकवला.

सकाळी नुकतीच पुसलेली सिमेंटची जमीन होती.

"दुखतंय?" सिस्टरने विचारलं.

मी म्हटलं, "गार!"

तिला कळेना. ती डॉक्टरांकडे बघायला लागली. मला तमिळ शब्द आठवेना, इंग्रजी आठवेना. मी नुसता ओरडत राहिलो, "गार! गार लागतंय!" उजव्या तळव्याला, टाचेपासून अंगठ्यापर्यंत सगळीकडे.

"जमीन जिल्लुन्नु आहे म्हणतो," मामा सिस्टरला तमिळमध्ये सांगून स्वतःच आधी हसायला लागले, आणि हसता हसता त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने नाक पुसलं.

मोठे डॉक्टर वाकून माझ्या बोटांकडे बघत होते, रंग बघतात तसे.

"पोदुम, उक्कारु," सिस्टर म्हणाली. पुरे, बस आता.

मी मुळीच बसलो नाही.